वजनाचा आवाज

१६ एप्रिल १९३२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘द म्युझिक बॉक्स’ या लघुपटाची गोष्ट एका वाक्यात सांगून संपते: दोन हमाल एका उंच जिन्यावरून एक पियानो वरच्या घरात पोचवायला निघतात. तीन रिळांचा, साधारण अर्ध्या तासाचा हा चित्रपट कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीच्या हॅल रोच स्टुडिओने काढला. त्यातले हमाल म्हणजे स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी, मराठी प्रेक्षकांचे जाड्या-रड्या. दिग्दर्शक होता जेम्स पॅरट. लॉरेल-हार्डी जगभर घरोघर पोचले, हॅल रोचलाही चित्रपटाच्या इतिहासात मानाचे पान मिळाले. पॅरटचे नाव मात्र श्रेयनामावलीत येते आणि तिथेच राहते. त्याच्या कामाविषयी मला इथे एक मुद्दा मांडायचा आहे. सिनेमाला आवाज मिळाला तेव्हा सगळ्यांचे लक्ष संवादांकडे गेले. विनोदी चित्रपटाच्या हाती मात्र त्याहून मोलाची एक गोष्ट आली होती, ती म्हणजे वजन. पडद्यावरची वस्तू किती जड आहे, ती पडायला किती वेळ घेते, आणि पडताना आत काय काय मोडते, हे आता कानाला पटवून देता येत होते. पॅरटच्या दिग्दर्शनाची सारी रचना या एका जाणिवेवर उभी आहे, आणि ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये ती सर्वांत स्पष्ट दिसते.

हे समजून घ्यायला आवाजाने विनोदी चित्रपटाकडून काय हिरावून घेतले ते आधी पाहायला हवे. मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचा वेग ठरलेला नव्हता. छायाचित्रकार हँडल सावकाश फिरवी, प्रक्षेपक तीच फीत वेगाने पळवी, आणि पडद्यावर माणसे प्रत्यक्षापेक्षा चपळ दिसत. पाठलाग, मारामाऱ्या, मोटारींच्या धडका या सगळ्यांना हा वाढीव वेग मिळे. मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीची आदळआपट त्यावरच पोसली होती. अशा वेगात वस्तूंना वजन राहत नाही. माणूस भिंतीवर आपटतो आणि चेंडूसारखा परत येतो, म्हणून त्याला लागले असेल अशी शंकाही प्रेक्षकाच्या मनात येत नाही. ध्वनी आला आणि सेकंदाला २४ चौकटी हा वेग सक्तीचा झाला, कारण फितीचा वेग बदलला की आवाजाची पट्टी बदलते. आता माणूस पडला तर तो गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने पडणार, आणि जड खोका घसरला तर त्याला लागेल तितका वेळ तो घेणारच. जुन्या पद्धतीच्या विनोदकारांना हे मोठे संकट वाटले. पॅरटला त्यातच काम करण्यासारखी जागा दिसली.

संकटाला प्रत्येकाने आपापल्या परीने उत्तर दिले. चार्ली चॅप्लिनने ‘सिटी लाइट्स’ (१९३१) मध्ये संगीत आणि काही ध्वनी घेतले, पण बोलणे नाकारले. सुरुवातीच्या पुतळ्याच्या अनावरणात पुढारी भाषण करतात तेव्हा त्यांच्या तोंडून शब्दांऐवजी चिरकी पिपाणी वाजते. बस्टर कीटन एमजीएमच्या नोकरीत होता. त्या कंपनीने त्याच्या बोलपटांत संवादांचा असा भडिमार केला की त्याच्या देहाची विलक्षण भाषा त्याखाली दबून गेली. हॅल रोच स्टुडिओ १९२९ मध्ये बोलपटांकडे वळला तेव्हा लॉरेल-हार्डींचा पहिला बोलपट ‘अनअकस्टम्ड ॲज वी आर’ लुइस फॉस्टर याने दिग्दर्शित केला. त्याच्या शेवटी एक फार बोलकी जागा आहे. स्टॅन निरोप घेऊन चौकटीबाहेर जातो आणि जिन्यावरून गडगडत जातो. हे आपल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येते. ध्वनीने आता पडद्याच्या बाहेरचीही जागा ताब्यात घेतली होती, याचा तो एक ठळक पुरावा म्हणता येईल. त्याच वर्षी पॅरटने ‘परफेक्ट डे’ केला. सहलीला निघालेले कुटुंब मोटारीच्या बिघाडांमुळे दारातून हलतच नाही, एवढाच त्याचा विषय. त्यात मोटारीचा क्लच डोक्यात बसतो तेव्हा घंटेसारखा ठणठणीत आवाज येतो. हा आवाज खऱ्या आघाताचा नाही, तरी त्या आघाताला एक निश्चित आकार आणि वजन देतो. प्रेक्षक हसतात ते डोके ठणकले म्हणून, आणि पोकळ वाजले म्हणूनही.

पॅरटची घडण या कामाला पोषक होती. १८९७ साली बाल्टिमोर इथे जन्मलेला जेम्स हा विनोदी नट चार्ली चेस याचा धाकटा भाऊ. चेसचे खरे आडनावही पॅरटच. विसाच्या दशकाच्या सुरुवातीला ‘पॉल पॅरट’ या नावाने त्याने रोचसाठी छोट्या विनोदी चित्रपटांत कामे केली आणि मग तो कॅमेऱ्यामागे गेला. ‘टू टार्स’ (१९२८) हा त्याचा मूकपट रस्त्यावरच्या वाहतूक खोळंब्यात एकेक मोटार शांतपणे मोडून काढणाऱ्या माणसांचा आहे, आणि शांतपणे हा त्यातला महत्त्वाचा भाग. तिथे कोणी घाई करत नाही. एक माणूस दुसऱ्याच्या गाडीचा दिवा उपटतो, दुसरा तो उपटला जाईपर्यंत पाहत उभा राहतो, विचार करतो, आणि मग आपली पाळी घेतो. हा संथपणा लॉरेल-हार्डींच्या चित्रपटांत लिओ मॅकॅरी याच्या देखरेखीखाली रुजला होता. पॅरटने तो ध्वनीच्या काळात आणला आणि त्याला नवे कारण दिले.

आणखी एका शिक्षणाचा उल्लेख इथे करायला हवा, कारण पॅरटविषयी लिहिताना त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. १९३० आणि १९३१ मध्ये डबिंगची पद्धत रुळलेली नव्हती, म्हणून परदेशी बाजारपेठेसाठी रोच स्टुडिओ तोच चित्रपट स्पॅनिश, फ्रेंच किंवा अन्य भाषेत पुन्हा चित्रित करत असे. लॉरेल आणि हार्डी यांना त्या भाषा येत नव्हत्या. उच्चार त्यांच्या लिपीत फळ्यावर लिहून ठेवत आणि ते वाचून बोलत. पॅरटच्या ‘नाइट आउल्स’, ‘ब्लॉटो’, ‘बिलो झीरो’ या चित्रपटांच्या स्पॅनिश आवृत्त्या त्याने स्वतःच दिग्दर्शित केल्या. भाषा बदलून तोच प्रसंग पुन्हा उभा करणे ही अडचण त्या वेळी जगभर होती. कोल्हापुरात प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ही १९३२ मध्ये मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत तयार झाला. विनोदी चित्रपटाच्या दिग्दर्शकाला या खटाटोपातून एक गोष्ट लख्ख कळते. एखाद्या प्रसंगातले हसू शब्दांवर टेकलेले असेल तर ते दुसऱ्या भाषेत लंगडते. वस्तूच्या आघातावर, आवाजावर आणि माणसाच्या थांबण्यावर टेकलेले असेल तर ते जसेच्या तसे पार होते. पॅरटने या काळात हे वारंवार तपासून पाहिले होते. ‘द म्युझिक बॉक्स’ बनला तोपर्यंत रोचने ही पद्धत सोडून दिली होती, पण तिने शिकवलेली निवड दिग्दर्शकाच्या हाडीमाशी मुरली होती असे मला वाटते.

या चित्रपटाची कल्पना नवी नव्हती. १९२७ मध्ये हॅल येट्सने लॉरेल-हार्डींना घेऊन ‘हॅट्स ऑफ’ हा मूकपट केला होता. त्यात दोघे कपडे धुण्याचे यंत्र विकायला एका उंच जिन्यावर चढतात आणि शेवटी रस्त्यावर टोप्यांच्या अदलाबदलीवरून सार्वजनिक झोंबाझोंबी होते. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. नव्या चित्रपटात दोन मोठे बदल झाले, आणि दोन्ही ध्वनीशी निगडित आहेत. रस्त्यावरची झोंबाझोंबी गेली, म्हणजे गर्दीच्या हालचालीवर चालणारा मूकपटाचा हुकमी शेवट गेला. आणि धुण्याच्या यंत्राच्या जागी पियानो आला, तोही आपोआप वाजणारा. धुण्याचे यंत्र आपटले तर धातूचा खडखडाट होईल आणि तेवढ्यावर थांबेल. पियानो लाकडी पेटाऱ्यात बंद आहे, तो आपल्याला दिसत नाही, तरी पेटारा पायरीवर आदळला की आतल्या तारा झणझणतात. आत काय आहे, ते किती नाजूक आहे, किती महाग आहे आणि आतापर्यंत त्याचे किती हाल झाले, हे सगळे प्रेक्षक एका क्षणात ऐकतो. पाहण्याची वस्तू झाकून ठेवायची आणि ती ऐकू येऊ द्यायची, हा निर्णय मूकपटात घेताच आला नसता.

जिना लॉस एंजलिसच्या सिल्व्हर लेक भागात आजही आहे. व्हेंडोम स्ट्रीटवरून वर डेस्कान्सो ड्राइव्हकडे जाणाऱ्या त्या काँक्रीटच्या १३३ पायऱ्या. चित्रीकरण १९३१ च्या डिसेंबरात झाले. वरचे घर तिथले नव्हे. ते स्टुडिओच्या आवारात उभारलेले आहे. चित्रपटात पोस्टमन त्यांना पत्ता दाखवतो आणि कॅमेरा खालून वरपर्यंतचा सगळा जिना एका चौकटीत घेतो. त्या क्षणी दिग्दर्शकाने प्रेक्षकाशी एक करार केलेला असतो: हे अंतर खरे आहे, यात कुठेही कात्री लावलेली नाही, आता तुम्हीही हे चढणार आहात. पुढे चढण्याउतरण्याच्या प्रसंगांत कॅमेरा दूर राहतो. दोन माणसे लहान दिसतात, पेटारा लहान दिसतो आणि पायऱ्या चौकट भरून राहतात. दूरची चौकट धरण्यात एक धोका असतो, की हालचाल क्षीण वाटते, घटना पोचत नाही. मूकपटाचा दिग्दर्शक अशा वेळी जवळच्या चौकटीकडे, घामेजलेल्या चेहऱ्याकडे धावला असता. पॅरटला ती गरज नाही, कारण जवळ जाण्याचे काम आवाज करतो. डोळा रस्त्याच्या पलीकडे उभा आहे आणि कान पेटाऱ्याला चिकटलेला आहे. या एकाच वेळी दूर आणि जवळ असण्यात चित्रपटाचे सारे बळ आहे. ध्वनी आणि चित्र यांनी एकमेकांची री ओढू नये असे सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन आणि त्याचे सहकारी १९२८ मध्ये जाहीर निवेदनातून सांगत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर फार वेगळा सिनेमा होता, तरी डोळ्याला एक अंतर आणि कानाला दुसरे देणारी ही छोटीशी रचना त्या मागणीची आठवण करून देते.

पहिली घसरण पाहा. अर्ध्या जिन्यावर बाबागाडी घेऊन उतरणारी एक आया भेटते. तिला वाट द्यावी म्हणून दोघे सौजन्याने बाजूला होतात आणि पेटारा निघतो. तो एकदम कोसळत नाही. एकेका पायरीवर ठेचकाळत, तारा झणझणवत, वेग घेत तो खालच्या रस्त्यापर्यंत जातो, आणि आपण तो पूर्ण जाऊ देतो. संकलनात ही घसरण निम्म्यावर आणता आली असती. काय झाले ते तीन पायऱ्यांतच समजते. पण समजण्यासाठी ती दाखवलेलीच नाही. इतका वेळ वर चढवलेले सगळे कष्ट परत खाली जाताना मोजून घ्यावेत, यासाठी ती आहे. आया हसते, स्टॅन तिला लाथ मारतो, ती त्याला ठोसा देते, ऑली हसतो म्हणून दुधाची बाटली त्याच्या डोक्यावर फुटते. हे सगळे जुन्या आदळआपटीच्या घराण्यातले आहे आणि पॅरट ते चटकन उरकतो. माणसांच्या मारामारीला तो थोडा वेळ देतो, पियानोला भरपूर. या वाटपातून त्याचा कल दिसतो.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. हे सगळे एकाच गोष्टीची पुनरावृत्ती नाही का? पेटारा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. दोन रिळांची सवय असलेल्या प्रेक्षकासमोर तिसरे रीळ वाढवून दिग्दर्शकाने कंटाळ्याला आमंत्रणच दिले, असे कोणी म्हणू शकेल. पण घसरणींची कारणे पाहिली की आक्षेप विरळ होतो. पहिल्या वेळी पियानो जातो तो शिष्टाचारामुळे. पुढे पोलीस तक्रारीवरून त्यांना खाली बोलावतो, म्हणजे कायद्यापुढे हजर राहावे लागते म्हणून जातो. वरच्या दारापाशी पोचल्यावरही तो मोकळा सोडला जातो आणि ऑलीला घेऊन परत निघतो. मधेच नावामागे पदव्यांची माळ लावणारे प्राध्यापक फॉन श्वार्त्सेनहोफेन जिन्याच्या मधोमध अडून बसतात. बाजूने जाण्याची कल्पनाही त्यांना अपमानास्पद वाटते. स्टॅन त्यांची उंच टोपी उडवतो आणि या वेळी पियानोऐवजी ती टोपी पायऱ्यांवरून उड्या मारत रस्त्यापर्यंत जाते आणि गाडीखाली सापडते. हलकी टोपी आणि जड पियानो यांचा हा फरक दिग्दर्शकाने फार विचाराने ठेवला आहे. त्याच पायऱ्या, तोच उतार, पण टोपी जवळजवळ निःशब्द उतरते. तिच्या नीरव प्रवासामुळे पियानोच्या मागच्या आणि पुढच्या प्रवासांना जास्त वजन येते.

अनेक समीक्षक या चित्रपटाबद्दल लिहिताना ग्रीक पुराणातल्या सिसिफसची आठवण काढतात. तुलना सुचणे साहजिक आहे, पण ती मला अपुरी वाटते. सिसिफसला देवांनी तीच शिळा पुन्हापुन्हा डोंगरावर चढवण्याची शिक्षा दिली होती आणि त्याच्यापुढे दुसरी वाट नव्हती. इथे वाट होती. घामाघूम होऊन दोघे वर पोचतात तेव्हा तोच पोस्टमन भेटतो आणि सहज सांगतो की मागून डोंगराला वळसा घालून गाडीरस्ता येतो, तेवढे गाडीनेच यायचे होते. त्यावर हे दोघे काय करतात? पियानो उचलून पुन्हा तोच जिना उतरतात, गाडीत घालतात आणि रस्त्याने वर आणतात. हा चित्रपटातला सर्वोच्च क्षण, आणि तो पूर्णपणे वजनावर चालतो. पियानो जड आहे हे आपल्या कानांनी तोपर्यंत इतक्या वेळा अनुभवलेले असते की उतरण्याचा निर्णय ऐकताच खांदे दुखायला लागावेत. पोस्टमनचे एक वाक्य पुरते. मागे सगळ्या घसरणींचा आवाज साठलेला नसता तर त्या वाक्याला काहीच अर्थ उरला नसता. मंदीच्या ऐन काळातला हा चित्रपट आहे. धंदा सुरू करताना या दोघांची एकूण पुंजी तीन डॉलर ऐंशी सेंट असल्याचे सुरुवातीच्या पाटीवर येते. काम मिळाले आहे, ते सांगितल्या पत्त्यावर करायचे, आणि योग्य पद्धत कळली तर ती पहिल्यापासून पाळायची, हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. त्यांना मूर्ख ठरवून हसणाऱ्या प्रेक्षकालाही तो कुठेतरी लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा मुळात मूकपटच आहे, वर आवाज चिकटवला आहे, असे पुष्कळदा म्हटले जाते, आणि ते कौतुकाने म्हटले जाते. आवाज बंद करून चित्रपट पाहिला तरी गोष्ट समजते हे खरे. पण गोष्ट समजणे आणि चित्रपट घडणे यांत अंतर आहे. आवाज बंद केला की पेटाऱ्यात पियानो राहत नाही. राहतो एक मोठा खोका. दुसऱ्या भागात तर हे आणखी उघड होते. घरात आणून लावलेला पियानो आपोआप वाजू लागतो, पसारा आवरता आवरता दोघे त्या तालावर नाचू लागतात, आणि तेवढ्यात पियानो या वाद्याचाच तिरस्कार करणारे तेच प्राध्यापक, म्हणजे घराचे मालक, घरी येऊन कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करू लागतात. त्या गडबडीत यंत्रातून ‘द स्टार-स्पँगल्ड बॅनर’ची धून सुरू होते. कुऱ्हाड थांबते, तिघेही ताठ उभे राहून मानवंदना देतात, धून संपते, आणि कुऱ्हाड पुन्हा चालू होते. हे गीत अमेरिकेचे अधिकृत राष्ट्रगीत म्हणून कायद्याने स्वीकारले गेले ३ मार्च १९३१ रोजी, म्हणजे चित्रपट लोकांसमोर आला त्याच्या जेमतेम तेरा महिने आधी. मूकपटाच्या दिग्दर्शकाला हा प्रसंग सुचला असता तरी त्याने तो कोणाच्या भरवशावर चित्रित केला असता? प्रत्येक गावात वाजवणारा वादक वेगळा, त्याची गती वेगळी. धून अमुक क्षणी सुरू होईल आणि तमुक क्षणी थांबेल याची हमी ध्वनीपट्टीनेच दिली.

तिसरा आक्षेप पॅरटच्या नावावरच येतो. लॉरेल-हार्डींच्या चित्रपटांचा खरा कर्ता स्टॅन लॉरेल होता, दिग्दर्शक नाममात्र, हे मत सर्वमान्य आहे आणि त्याला भक्कम आधार आहे. गोष्ट रचण्यात लॉरेल पुढे असे, शक्य तेव्हा प्रसंग कथेच्याच क्रमाने चित्रित करण्याचा त्याचा आग्रह होता, संकलनाच्या टेबलापाशीही तो बसत असे. पूर्वखेळात प्रेक्षक कुठे आणि किती वेळ हसतात ते टिपून त्यानुसार चौकटी लांबवल्या जात, म्हणजे हसण्याच्या गोंगाटात पुढचे वाक्य बुडू नये. हे सगळे मान्य करूनही दिग्दर्शकाची एक कामगिरी शिल्लक राहते. लॉरेल स्वतः चौकटीत होता. पेटाऱ्याखाली वाकलेल्या माणसाला कॅमेरा किती दूर आहे आणि किती वेळ चालू ठेवायचा हे त्या क्षणी दिसत नाही. तिथे उभा असलेला माणूस पॅरट होता. त्याचे इतर चित्रपट शेजारी ठेवले की त्याचा हात ओळखू येतो. जानेवारी १९३२ मध्ये आलेल्या ‘हेल्पमेट्स’च्या शेवटी घर जळून गेलेला ऑली छप्पर नसलेल्या खोलीत खुर्चीवर बसून राहतो, स्टॅनला जाताना दार लावून घ्यायला सांगतो, आणि मग पाऊस सुरू होतो. तिथेही कॅमेरा धीर धरतो, चेहऱ्याकडे धावत नाही. लॉरेल-हार्डींना घेऊन चित्रपट करणारा जेम्स हॉर्न हा दिग्दर्शक प्रतिक्रिया मोठ्या आणि ठळक करून घेतो; आरडाओरडा त्याच्याकडे जास्त. नट तेच, स्टुडिओ तोच, लॉरेलचा अधिकारही तोच, तरी चित्रपटांची प्रकृती वेगळी येते. हा फरक दिग्दर्शकाच्या खात्यात जमा करायला हवा. उलट भाऊ चार्ली चेस याच्यासाठी केलेल्या ‘द पिप फ्रॉम पिट्सबर्ग’ (१९३१) सारख्या बोलपटात पॅरट हलक्याफुलक्या संवादांना पुरेसा वाव देतो, कारण चेसचे पात्र बोलके आणि शहरी आहे. कोणत्या नटाच्या चित्रपटात ध्वनीने कोणते काम करायचे याचा विवेक त्याच्याकडे होता.

पुरस्काराच्या वेळी मात्र हा हिशेब कोणी मांडला नाही. अकादमीने लघुपटांसाठी स्वतंत्र विभाग पहिल्यांदाच ठेवले होते. नोव्हेंबर १९३२ च्या समारंभात विनोदी लघुपटाचा मान ‘द म्युझिक बॉक्स’ला मिळाला आणि लघुपटांच्या रीतीप्रमाणे तो निर्माता हॅल रोचकडे गेला. पॅरट त्यानंतर फार काळ या उंचीवर राहिला नाही. मद्यपानाने त्याचे काम आणि प्रकृती दोन्ही ढासळली, आणि १९३९ च्या मे महिन्यात, वयाच्या ४१ व्या वर्षी तो वारला.

त्याच्या निवडीचे मोल कळते ते दुसऱ्या एका जिन्यापाशी. १९४१ मध्ये कोलंबियासाठी डेल लॉर्ड याने ‘थ्री स्टूजेस’ या विनोदी त्रिकुटाला घेऊन ‘ॲन एक इन एव्हरी स्टेक’ हा लघुपट केला. जिना सिल्व्हर लेक भागातलाच, पण दुसरा. इथे वर न्यायचा आहे बर्फ. तो खालून निघतो तेव्हा भलामोठा ठोकळा असतो आणि उन्हातून वर पोचेपर्यंत त्याचा चिमुकला खडा उरतो. कल्पना झकास आहे आणि लॉर्ड ती नेमकी साधतो, पण तिची सारी मौज निकालात आहे: आधीचा ठोकळा दाखवा, नंतरचा खडा दाखवा, मधला जिना कापला तरी चालतो. सेनेटच्या तालमीत तयार झालेल्या दिग्दर्शकाने वेगाने पुढे सरकणे स्वाभाविकच होते. बर्फ वितळताना आवाज करत नाही, आणि माणसे जसजशी थकतात तसतसे त्यांचे ओझे हलके होत जाते. पॅरटचा पियानो शेवटच्या पायरीवरही पहिल्या पायरीइतकाच जड असतो. दर ठेचेला तो तसे सांगतो, आणि मधली एकही पायरी आपल्याला गाळता येत नाही.